आऱ्याचं दुसरं टोक

गुरुबसप्पा बडिगेर यांनी मशीन आणलं त्या दिवशी जोडभावी पेठेत बातमी फुटली की म्हाताऱ्यानं दुसरं लग्न केलं.

बातमी फोडणाऱ्या मथुराबाई. त्यांची पिठाची गिरणी आणि गुरुबसप्पांचा सुतारखाना यांची भिंत एकच. गिरणीत दळण टाकून बसलेल्या बायकांना पिठाच्या आधी बातमी मिळते, आणि तीही पिठासारखीच बारीक दळून. मथुराबाई म्हणाल्या, "नागम्माला सवत आणली की म्हाताऱ्यानं. हातगाड्यावर बसवून, दोरीनं बांधून आणली. अंगानं लोखंडी हाय, दात मोठं हायत, पन बोलत न्हाय. म्हाताऱ्याला तेवढंच पायजे."

सवत म्हणजे लाकूड कापायचं गोल करवतीचं मशीन. होटगी रोडला एक लाकडाची वखार बंद पडली, तिथून घेतलेलं जुनं. त्याची मोटार तपासून स्टार्टर जोडून द्यायचं काम आमच्या दुकानाकडे आलं, म्हणून ही हकीकत मला ठाऊक. मी मोडनिंबचा. शाळा तिथं झाली, पुढं सोलापुरात वायरमनचा कोर्स केला आणि ईश्वरदादांच्या मोटार वाइंडिंगच्या दुकानात चिकटलो. खांद्यावर वायरीची गुंडाळी टाकून मी गेलो तेव्हा मथुराबाई गिरणीच्या दारातच उभ्या होत्या. भुवयांपर्यंत पीठ. मला बघून आत ओरडल्या, "आला गं कासार. नव्या नवरीला बांगड्या भराय."

आतल्या बायका हसल्या. मीही हसलो. सुतारखान्यात गेलो तर तिथं हसणारं कुणी नव्हतं.

पत्र्याची लांबट शेड, मागं राहायची एक खोली. उंच, हाडकुळा, उजवीकडे थोडा झुकलेला एक म्हातारा मशीनला चिंधीनं पुसत होता. कानावर पेन्सिल, कपाळावर विभूती, आणि विभूतीवर भुसा. मी नमस्कार केला. त्यांनी मान हलवली आणि माझ्याकडे न बघता चिंधीची कोरडी बाजू शोधली. इथं बोलायचं काम मलाच करावं लागणार हे माझ्या लक्षात आलं. त्याचा मला त्रास नसतो. आमच्या घरी म्हणतात, ह्याला वायरमन कशाला केला, लाउडस्पीकरच करायचा.

भिंतीला लाकडं टेकवून ठेवली होती. साग, कडुनिंब, बाभूळ. ओंडक्यांची चांगली जाड जाड फाकं, आणि त्यांच्यावर कोळ्यांनी संसार मांडलेले. दुसऱ्या कोपऱ्यात मात्र पोळपाटांची चळत, कमरेएवढी. पाटांची दुसरी. एवढे पोळपाट मी बोहारणीकडेही बघितले नव्हते. मी विचारलं, "मामा, सोलापुरात चपात्या वाढल्या काय?"

"एकट्याला हुतंय तेवढं करतो," ते म्हणाले.

त्याचा अर्थ मला मथुराबाईंनी नंतर सांगितला. दाराची चौकट सांगायला गिऱ्हाईक आलं की हा माणूस त्याला पोळपाट दाखवायचा. चौकटीला जाड लाकूड उभं फाडावं लागतं. ते फाडायचा आरा दोन माणसांचा. एका टोकाला हे आणि दुसऱ्या टोकाला नागम्मा, त्यांची बायको. लग्न झाल्यापासून हीच जोडी. आणि नागम्मा आता अक्कलकोटला होती, लेकीकडे.

गडी लावून बघितले होते त्यांनी. एक टिकला नाही. म्हणजे गडी टिकायला तयार होते, हेच त्यांना टिकू देत नव्हते. पहिला जरा ढकलायचा. दुसरा फार जोरात ओढायचा. तिसरा म्हणे विडीसाठी मधेच हात सोडायचा. आऱ्याचं एक आहे, तो कुणी ढकलायचा नसतो. दोघांनी आपापल्या बाजूला ओढायचा, आणि समोरच्याची पाळी आली की हात सैल सोडायचा. ढकललं की पातं मधेच वाकतं. बसप्पामामांनी हे मला सांगितलं ते मी मोटारीचं झाकण उघडत असताना, आणि तोवरचं हे त्यांचं सर्वांत मोठं भाषण.

मोटार थ्री फेजची, दणकट. झाकणाच्या आत कुंभारमाशीनं मातीची चार खोल्यांची चाळ बांधलेली. ती उकरून काढली. वाइंडिंग चांगलं होतं, बेअरिंगला ग्रीस हवं होतं. वाईट होती ती पूर्वीच्या मालकाची बुद्धी. त्यानं भिंतीवरच्या मेन स्विचमधून तारा सरळ मोटारीत नेल्या होत्या. मधे स्टार्टर वगैरे काही नाही. खटका वर केला की चालू, खाली केला की बंद.

मी मामांना म्हटलं, "हे असं ठेवायचं नाही. समजा तुम्ही फाकं कापताय आणि लाईट गेली. पातं थांबलं, लाकूड अडकलं. तुम्ही खटका खाली करायला विसरलात आणि हात घालून लाकूड सोडवायला गेलात. तेवढ्यात लाईट आली. मग पोळपाट करायलाही हात शिल्लक राहणार नाही."

त्यांनी आपल्या हाताकडे बघितलं. डाव्या करंगळीचं टोक नव्हतंच. ते लहानपणी लाकूड तासताना वाकसानं गेलेलं, मशीनचा त्यात काही दोष नव्हता.

मग मी पिशवीतून स्टार्टर काढला. आमच्या दुकानातलाच जुना, मी कॉन्टॅक्ट पॉलिश पेपरनं घासून नवा केलेला. लोखंडी डबा, वर दोन बटणं. हिरवं चालू करायला, लाल बंद करायला. त्यांना उघडून दाखवला. आत एक कॉइल असते. हिरवं दाबलं की ती कॉन्टॅक्ट ओढून घेते आणि धरून ठेवते. लाईट गेली की तिच्यातली ताकद जाते, ती सोडून देते.

"आनि लाईट परत आली की?"

"आली तरी मोटार फिरत नाही. आपणहून नाही. हात लावून पुन्हा बोलवावं लागतं."

त्यांनी कॉइलला बोट लावून बघितलं. "न्हाय बोलवलं तर?"

"तर तशीच बसून राहील. वर्षभर."

हे वर्षभर माझ्या तोंडून सहज गेलं. पण त्यांनी चिंधी खाली ठेवली आणि खोलीत जाऊन तांब्याभर पाणी पिऊन आले. गिरणीतल्या बायकांचा हिशेब मी ऐकलेला होता. नागम्माला जाऊन वर्ष उलटलं होतं, त्याच्यावरही काही महिने.

गेली ती लेकीच्या बाळंतपणाला. महानंदा त्यांची एकुलती एक. तिच्यासाठी पाळणा करायला सागाचं एक फाकं दोघांनी फाडलं. ते त्यांनी मिळून कापलेलं शेवटचं लाकूड. पाळणा तयार झाला, तो एस.टी.च्या टपावर बांधला, आणि त्याच्याबरोबर नागम्मा गेली. स्टँडवर गाडी सुटताना ती खिडकीतून म्हणाली की आता मी आरा धरणार नाही. बस्स, एवढंच. परत येणार नाही असं म्हणाली नाही. येईन असंही म्हणाली नाही. तिचा उजवा खांदा गेलेला होता. हात खांद्याच्या वर जात नव्हता. केस विंचरायलासुद्धा शेजारणीला बोलवावं लागायचं, आणि शेजारीण म्हणजे मथुराबाई. त्यामुळे हा खांदा पेठेत सर्वांना ठाऊक होता.

पाळण्यातलं पोर आता चालत होतं. पाळणा रिकामा झाला तरी नागम्मा आली नव्हती.

मी वायर कापता कापता विचारलं, "मामा, अक्कलकोटला बोलवायला कुणी गेलंय का?"

वास्तविक हा प्रश्न वायरमनच्या कोर्सात नाही. ते रागावतील असं वाटलं. ते रागावले नाहीत. मशीनच्या टेबलावर हात फिरवत म्हणाले, "कुटल्या तोंडानं बोलवू? ती आली असती तर हितं परत आराच हुता की. आता ह्ये आणलंय. ह्ये चालू झालं की सांगावा धाडतो. तुला कायबी धराय लागत न्हाय, ये म्हणतो."

तेव्हा मला कळलं की मी नुसता स्टार्टर जोडत नव्हतो. म्हातारा मशीन चालवायला अधीर झालेला नव्हता. त्याला तोंड पाहिजे होतं, ते मी जोडून देत होतो.

स्टार्टर कुठं बसवायचा, यावरून मग आमचं वाजलं.

माझ्या हिशेबानं तो कापणाऱ्याच्या हाताशी पाहिजे. टेबलाच्या अलीकडे, जिथं उभं राहून लाकूड पुढं सरकवायचं तिथं. मामा मला टेबलाच्या पलीकडच्या टोकाला घेऊन गेले. तिथं त्यांनी आधीच कडुनिंबाचा एक खांब पुरून ठेवला होता, रंधा मारून गुळगुळीत केलेला. "हितं लावा," म्हणाले.

मी म्हटलं, "इथं कोण उभं राहणार? तुम्ही तर तिकडे."

"हितं नागम्मा उभी ऱ्हायाची."

"पण मामी आता उभ्या राहणार नाहीत ना? म्हणून तर मशीन."

"व्हय की."

"मग?"

त्यांनी कानावरची पेन्सिल काढली, तिच्याकडे बघितलं, परत कानावर ठेवली. मग तुकड्या तुकड्यांनी सांगितलं. दोघांच्या आऱ्याला एकानं आधी ओढावं लागतं. त्यांच्यात पहिल्यापासून ती आधी ओढायची. लाकूड घोडीवर चढवलं, रेघ मारली, दोघांनी मुठी धरल्या, की हे थांबायचे. ती पदर तोंडावर बांधायची, पाय रोवायची आणि म्हणायची, "एळीरी." ओढा. घरात कानडीच बोलत दोघं. ती तसं म्हणाली की मगच यांचा हात हलायचा. रोज, दर फाक्याला. "सुरवात तिकडनं हुती," ते म्हणाले. "मला हिकडनं सुरवात कराय येत न्हाय."

आता याच्यावर वायरमननं काय बोलायचं? ईश्वरदादांनी मला अर्थिंग शिकवलं, फ्यूज शिकवला. याचं काही शिकवलं नव्हतं. मी म्हटलं, "मामा, तुम्ही एकटे. तिकडे जाऊन हिरवं दाबणार, वळसा घालून इकडे येणार, मग लाकूड लावणार. ठीक आहे, पाय तुमचे. पण थांबवायचं बटण तुमच्या हाताशी नसेल तर मी हे काम करत नाही." त्यावर ते लगेच कबूल झाले. मग स्टार्टर पलीकडच्या खांबावर, आणि अलीकडे त्यांच्या हाताशी नुसत्या लाल बटणाची वेगळी डबी. दोन्हींतलं कुठलंही लाल दाबलं की बंद. चालू मात्र फक्त तिकडून. जमिनीतून पाइप टाकून तारा नेल्या. खांबावर स्टार्टर किती उंच ठेवायचा ते त्यांनी आपल्या खांद्यावरून मापलं. मीही तिथंच भोकं पाडली.

चालू करून बघितलं तर पातं उलटं फिरायला लागलं. थ्री फेजला हे होतंच, तीन तारांपैकी कुठल्याही दोन बदलल्या की सुलटं. मी मेन बंद करून दोन तारांची अदलाबदल केली. ते बघत होते. "एवढ्यानं सुलटं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, एवढ्यानं. त्यांना ते फारच सोपं वाटलं असावं.

पहिलं फाकं त्यांनी कापलं ते बाभळीचं. तिकडे जाऊन हिरवं दाबलं, वळसा घालून आले, रेघेवर लाकूड धरलं. आरा लावला असता तर दोघांची सकाळ गेली असती. बघता बघता दोन तुकडे झाले. मामांनी लाल दाबलं. पातं थांबलं. मग ते म्हणाले, "लवकर झालं," आणि ते तक्रार केल्यासारखं म्हणाले.

सांगावा धाडला मथुराबाईंमार्फत. त्यांची बहीण अक्कलकोटची, जाऊन-येऊन असायची. सांगावा असा की मशीन आणलंय, येत्या अमावस्येला त्याची पूजा आहे, तर यावं. आता अमावस्या का? तर आमच्याकडच्या सुतार-लोहारांची सुट्टी अमावस्येला. त्या दिवशी हत्यारं धुवायची, तेल लावायचं, हळदकुंकू वाहायचं आणि गप्प बसायचं. रंधा उचलायचा नाही, खिळा ठोकायचा नाही. मामांच्या दृष्टीनं सर्व बरोबर होतं. पूजेचा दिवस, मोकळा दिवस, बायकोला बोलवायचं ते अशाच दिवशी. मशीन त्या दिवशी चालवता येणार नाही, हे त्यांच्या ध्यानातच आलं नाही. माझ्याही नाही. मला जेवायला बोलावलं होतं, आणि खानावळीतल्या आमटीवर जगणाऱ्या माणसाला जेवणाच्या आमंत्रणापुढं दुसरं काही सुचत नाही.

मी पोचलो तेव्हा नागम्मामामी आलेल्या होत्या. ठेंगणी बाई, कपाळावर विभूती, हिरवं इरकल. पहाटेच्या गाडीनं येऊन त्यांनी मागची खोली धुऊन काढली होती, आणि चुलीवर हुग्गी, म्हणजे गव्हाची खीर, रटरटत होती. खोली वेगळीच वाटत होती. मामा वेगळे वाटत होते. दाढी केलेली, अंगात धुवट सदरा, आणि हात कुठं ठेवावेत ते कळत नसल्यासारखे. हत्यारं पाटावर मांडली होती. भिंतीवरचा आरा काढून पुसून मशीनच्या टेबलावर आडवा ठेवला होता.

दारात मथुराबाई होत्याच. विचारत होत्या, सवत कशी वाटली. मामी मशीनभोवती एक चक्कर मारून म्हणाल्या, "बरी हाय की. दात तेवढं मोठं हायत. तुमची गिरणी हिच्याहून लई बडबडती."

मथुराबाई मनापासून हसल्या आणि आपल्या गिरणीत गेल्या. मामाही हसले. मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघत होतो, आणि मला वाटलं, जमलं.

मग मामी पूजेला लागल्या. आऱ्याच्या दोन्ही मुठींना हळदकुंकू लावलं. मशीनला लावलं. हिंडत हिंडत टेबलाच्या पलीकडच्या टोकाला गेल्या आणि खांबापुढं थांबल्या. खांबाच्या पायाशी बघितलं. ती जमीन वर्षानुवर्षं उभं राहून खोलगट झालेली होती, ती त्यांना ओळखू आली असणार. मग वर बघितलं. कुंकवाचं बोट घेऊन हात स्टार्टरकडे उचलला. हात खांद्यापाशी येऊन थांबला. पुढं जाईना. त्यांनी डाव्या हातानं उजवा कोपर धरून वर ढकलायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला. बोटावरचं कुंकू खाली खांबाला पुसलं.

"ह्ये काय हाय?" त्यांनी मला विचारलं.

मी उत्साहानं सांगायला लागलो. हे चालू करायचं बटण, हे बंद करायचं. एकदा दाबलं की काम झालं, काही ओढायला नको, जोर नको.

"चालू कराय हितं कुणी उभं ऱ्हायाचं?"

मी मामांकडे बघितलं. उत्तर त्यांच्याकडे होतं. मला सांगितलं होतं त्यांनी, पेन्सिल काढत, पेन्सिल ठेवत. आता कानावर पेन्सिलही नव्हती, सुट्टीच्या दिवशी ती पाटावर मांडलेल्या हत्यारांत होती. ते टेबलावरच्या आऱ्याकडे बघत उभे राहिले. मशीन चालवून दाखवता आलं असतं तर एका मिनिटात कळलं असतं की इथं बाईनं काहीच करायचं नाही. पण अमावस्या. आत हुग्गी रटरटत होती.

मामी शेवटी त्यांना म्हणाल्या, कानडीत नाही, मराठीत, म्हणजे मलाही कळावं म्हणून, "मशीन आणलं, लई चांगलं केलं. पन माजं टोक काय तुमी सोडलं न्हाय की."

आवाज चढला नव्हता. त्या हुग्गी बघायला आत गेल्या.

मी मागून जाऊन सांगायचा प्रयत्न केला. म्हटलं, मामी, तसं नाही, मामांच्या मनात होतं की सुरुवात तुमची असते, म्हणून. त्यांनी ऐकून घेतलं. पळीनं हुग्गी ढवळत म्हणाल्या, "असंल बाळा. पन त्यांच्या तोंडानं का येत न्हाय?" आणि मला ताट वाढलं. मी जेवलो. हुग्गी अप्रतिम होती, हे लिहायला लाज वाटते, पण होती.

संध्याकाळच्या गाडीनं त्या परत गेल्या. मामा स्टँडवर सोडायला गेले, पिशवी घेऊन दोन पावलं मागं. मथुराबाई दारात उभ्या होत्या, त्या वेळी त्या बघून आत गिरणीकडे वळल्या.

पुढं मामा आमच्या दुकानात आले. ईश्वरदादा त्यांना बसा म्हणाले तरी बसले नाहीत. मला म्हणाले, सवड झाली की या, बटणं बदलायची आहेत. मी त्याच दिवशी गेलो.

बदल असा, की स्टार्टर अलीकडे आणायचा. हिरवं त्यांच्या हाताशी, जिथं मी पहिल्यापासून म्हणत होतो तिथं. मला आनंद व्हायला हवा होता. मी खांबावरचा स्टार्टर सोडवला, तारा ओढून घेतल्या, अलीकडे बसवला. स्टार्टरवर लाल बटण असतंच, म्हणजे ती वेगळी लाल डबी आता नको होती. मी ती पिशवीत टाकायला लागलो.

"ती तिकडं लावा," मामा म्हणाले.

"खांबावर? कशाला? तिकडे कुणीच नसतं."

"नसू द्या. सुरवात मी करतो. शिकतो. पन थांबवायचं तिच्याकडं असू द्या."

एवढं बोलायला त्यांना बराच वेळ लागला. मी मनात म्हटलं, मामा, हे तुम्ही स्टँडवर बोलला असतात तर? पण तोंडानं म्हटलं नाही. माझ्या आयुष्यात असे प्रसंग थोडे आहेत. डबी खांबावर लावली, जुन्याच भोकांत.

काम सुरू झालं. चौकटी सुटल्या, कोळ्यांचे संसार उठले, पोळपाटांची चळत मथुराबाईंनी गिरणीतून विकून टाकली. वखारवाल्यांकडेसुद्धा जमत नाही अशी सरळ फाकं मामांकडे मिळतात म्हणून लांबून गिऱ्हाईक यायला लागलं. माझा सायकलचा रस्ता तोच. दिवे लागायच्या सुमाराला मी तिथून जातो तेव्हा बहुतेक दिवसाचं शेवटचं फाकं चालू असतं. ते कापून झालं की पातं रिकामंच फिरतं. लाल बटण त्यांच्या हाताशी आहे, नुसता हात लांबवला की झालं. पण मामा हात लांबवत नाहीत. टेबलाला वळसा घालून पलीकडे जातात, खोलगट जमिनीत पाय ठेवून उभे राहतात, आणि तिकडचं लाल दाबतात. तेवढा वेळ मोटारीची वीज फुकट जाते. मी एकदा तसं म्हणालोही. ते म्हणाले, बिल मी भरतो.

पाळणा गेला तेव्हापासून बातम्या जातात त्याच वाटेनं ही बातमीही गेली असणार. गिरणीतून मथुराबाईंच्या बहिणीकडे, तिच्याकडून अक्कलकोटला. कारण श्रावण संपता संपता तिकडून उलट निरोप आला. मथुराबाईंनी तो मला गिरणीच्या दारात सांगितला, पिठाचे हात कमरेवर ठेवून, आणि पहिल्यांदाच त्यात काही मिसळलं नाही. निरोप असा, की लाल बटण ठेवलंय म्हणं माझ्या बाजूला. पण किती वर ठेवलंय? माझा हात खांद्याच्या वर जात नाही, हे म्हाताऱ्याला ठाऊक नाही काय?

"येणार म्हणाल्या का?" मी विचारलं.

"तसं काय म्हणली न्हाय. उंची इच्यारलीय नुसती."

मी सायकल लावून आत गेलो. मला वाटलं, मला बोलावतील, डबी खाली घ्यायला. पण मामांनी वाट बघितली नव्हती. डबीचे स्क्रू स्वतःच सोडवून, तारेला दिलेली जादा ढील पाइपमध्ये मागं ढकलून, त्यांनी ती खाली, कमरेच्या जरा वर बसवली होती. जुन्या भोकांत कडुनिंबाच्या खुंट्या ठोकून वर रंधा मारला होता. काम माझ्यापेक्षा साफ होतं. मी तारा तपासल्या. बरोबर होत्या.

नागम्मा अजून आलेल्या नाहीत. दसऱ्याला येतील असं मथुराबाई म्हणतात, पण त्या बरंच काही म्हणतात. मी रोज जातो-येतो. शेवटचं फाकं संपतं, मामा वळसा घालून पलीकडे जातात. डबी आता त्यांच्या उंचीला फार खाली आहे. म्हणून थांबवण्याआधी त्यांना वाकावं लागतं.